तेल उद्योग बंद पाडून सरकार पडतं का? व्हेनेझुएला, 2002-03

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. डिसेंबर 2002 मध्ये व्हेनेझुएलात उगो चावेझ यांचं डावं सरकार घालवण्यासाठी विरोधकांनी अख्खा तेल उद्योग बंद पाडला, आणि तिथल्या निर्यातीतला जवळपास 80 टक्के पैसा तेलाचा, तिजोरीतला साधारण निम्मा. मग दोन महिने तेल थांबूनही सरकार कसं टिकलं? दुसरं, बंद मिटल्यावर उत्पादन आठवड्याभरात पूर्ववत का झालं नाही, व्हॉल्व्ह उघडायचा तेवढाच तर होता? आणि तिसरं, असं आपल्याकडे होऊ शकतं का?

माझं काम रिफायनरीतली युनिट्स बंद-चालू करण्याचं आणि टाक्या, पाइपलाइन, जहाजं यांच्यामधून माल हलवण्याचं. त्यामुळे राजकारण टाळणार नसलो तरी सुरुवात टाकीपासून करतो. माझ्या मते पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ एकच आहे: तेल उद्योगात थांबायला लागणारा वेळ, पुन्हा सुरू व्हायला लागणारा वेळ आणि टंचाई लोकांच्या घरात पोचायला लागणारा वेळ हे तीन अगदी वेगळे असतात. बंद पुकारणाऱ्यांनी पहिला वेळ बरोबर धरला, दुसऱ्याकडे काणाडोळा केला आणि तिसऱ्यात ते फसले. एक गोष्ट आधीच मान्य करतो. खाली मी जे दिवस आणि तास देणार आहे ते कच्चं तेल कसं आहे, विहिरी कोणत्या प्रकारच्या आहेत, प्लांट शिस्तीत थांबवला की माणसं हातातलं काम टाकून गेली, यावर बदलतात. व्हेनेझुएलात हे सगळे प्रकार एकाच वेळी होते.

आधी पार्श्वभूमी. तिथली सरकारी तेल कंपनी पीडीव्हीएसए. नोव्हेंबर 2001 मध्ये चावेझ यांनी 49 कायद्यांचा गठ्ठा काढला, त्यातल्या हायड्रोकार्बन कायद्याने रॉयल्टी, म्हणजे तेल काढण्याबद्दल सरकारला द्यायचा वाटा, सोळा-सतरा टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर नेली. कंपनीचे वरिष्ठ व्यवस्थापक स्वतःला सरकारपासून स्वतंत्र मानत आले होते, ते बिथरले. फेब्रुवारी 2002 मध्ये सरकारने कंपनीचा अध्यक्ष आणि संचालक बदलले. 7 एप्रिलला चावेझ यांनी टीव्हीवर शिट्टी फुंकून अधिकाऱ्यांना काढल्याची घोषणा केली. चार दिवसांत लष्करी उठाव झाला, चावेझ दोन दिवसांपुरते पदच्युत झाले आणि परत आले. मग 2 डिसेंबरला फेदेकामारास ही उद्योगपतींची संघटना, सीटीव्ही ही कामगार महासंघटना आणि तेल कंपनीतल्या अधिकाऱ्यांचा ‘हेंते देल पेत्रोलेओ’ हा गट यांनी मिळून देशव्यापी बंद पुकारला. मागणी पगाराची नव्हती. चावेझ यांनी जावं किंवा तात्काळ मतदान घ्यावं, एवढीच होती.

बंद कोणी केला हे नीट पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. व्यवस्थापक, इंजिनिअर, नियोजन करणारे, जहाजांचे कप्तान, बंदरात जहाजाला वाट दाखवणारे पायलट, संगणक सांभाळणारे असे वरचे लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले. विहिरीवरचा आणि पंपावरचा ऑपरेटर सगळीकडे बाहेर पडला नाही. पश्चिमेकडे, म्हणजे माराकाइबो सरोवराच्या बाजूला आणि काराकासच्या कचेऱ्यांत बंद कडक होता. पूर्वेकडे, मोनागास प्रांतातल्या क्षेत्रांत तो तितका बसला नाही.

आता तेल थांबतं कसं ते पाहू. बाहेरच्या माणसाला वाटतं की आधी विहीर बंद होते आणि मग पुढचं सगळं. प्रत्यक्षात उलटं होतं. आधी जहाज थांबतं. निर्यात टर्मिनलवर जहाज लागलं नाही की टाक्या भरत जातात. टाकी काठोकाठ भरता येत नाही. वर सुरक्षेसाठी जागा सोडावी लागते, तळाशी काही फूट पाणी, गाळ आणि पंपाने न ओढता येणारा माल असतो. म्हणजे कागदावर 100 असलेली क्षमता कामाला 80-85 येते, आणि त्यातली निम्मी नेहमीच भरलेली असते. समजा एखाद्या टर्मिनलला दहा दिवसांची साठवण आहे. तर जहाज थांबल्यावर खरी मोकळी जागा चार-पाच दिवसांचीच. ती संपली की पाइपलाइन थांबवायची, मग क्षेत्रावरचं गॅदरिंग स्टेशन, म्हणजे अनेक विहिरींचं तेल गोळा होतं ती जागा, थांबवायचं आणि शेवटी विहीर. म्हणून ज्याला देशाचं तेल थांबवायचं आहे त्याला हजारो विहिरींपाशी जावं लागत नाही. काही डझन कप्तान, पायलट आणि मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटींवरचे लोक पुरतात.

हेच झालं. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या ताफ्यातल्या ‘पिलीन लिओन’ या तेलवाहू जहाजाने माराकाइबो सरोवरातल्या जलमार्गाजवळ नांगर टाकला. 1981 च्या व्हेनेझुएलन मिस वर्ल्डचं नाव या जहाजाला दिलेलं होतं. त्यात सुमारे 2,80,000 बॅरल पेट्रोल होतं. एका बॅरलचे 159 लिटर धरले तर ते साडेचार कोटी लिटरच्या आसपास भरतं, आपल्याकडचे 12,000 लिटरचे साडेतीन हजारांहून जास्त टँकर. सरोवरातून समुद्रात जायला खोदलेला एकच अरुंद मार्ग आहे आणि त्याच्यावरून जवळपास पावणेनऊ किलोमीटर लांबीचा उर्दानेता पूल जातो. अशा जागी भरलेलं जहाज उभं राहिलं की मागच्या जहाजांचा प्रश्न तर येतोच, पण मोठा प्रश्न विम्याचा असतो. परदेशी जहाजमालक प्रमाणित पायलट आणि टग नसलेल्या बंदरात जहाज पाठवत नाही, कारण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. कंपनीला ग्राहकांना ‘फोर्स मेज्योर’ची नोटीस द्यावी लागली, म्हणजे परिस्थिती हाताबाहेर असल्यामुळे करारातला माल देता येत नाही असं लेखी सांगावं लागलं. ती नोटीस गेली की बाजार तुमच्याकडे पाठ फिरवतो आणि दुसरीकडे माल शोधायला लागतो.

आता विहिरींकडे येऊ. इथे तुमच्या ‘व्हॉल्व्ह उघडायचा तेवढाच’ या समजुतीला उत्तर आहे.

जिथे जमिनीखालचा दाब भरपूर आणि तेल हलकं, तिथे तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. पूर्वेकडचं एल फुरियाल क्षेत्र असं आहे. विहिरीच्या तोंडावरचा विंग व्हॉल्व्ह बंद करा, मास्टर व्हॉल्व्ह बंद करा, दाब नोंदवत राहा. पुन्हा उघडताना चोक (प्रवाह आवरणारं छिद्र) हळूहळू मोठा करत गेलात तर दोन-चार दिवसांत विहीर जुन्या प्रवाहाजवळ येते. घाईने एकदम उघडली तर वाळू ओढली जाते, म्हणून हळूहळू.

माराकाइबो सरोवरातल्या जुन्या विहिरींचं तसं नाही. त्यातल्या बऱ्याच गॅस लिफ्टवर चालतात. म्हणजे विहिरीच्या बाहेरच्या नळीतून दाबाचा वायू खाली सोडायचा, तो तेलात मिसळून तेलाचा स्तंभ हलका करतो आणि तेल वर येतं. हा वायू येतो कुठून? त्याच क्षेत्रातल्या तेलाबरोबर निघणाऱ्या वायूतून, कॉम्प्रेसर प्लांटमधून. तेल थांबलं की वायू थांबतो, वायू थांबला की कॉम्प्रेसर थांबतो आणि कॉम्प्रेसरशिवाय विहीर उठत नाही. पुन्हा सुरू करताना आधी कुठून तरी थोडा वायू मिळवायचा, एक कॉम्प्रेसर उठवायचा, सगळ्यात जास्त वायू देणाऱ्या मोजक्या विहिरी आधी घ्यायच्या, त्यांच्या वायूवर दुसरा कॉम्प्रेसर, मग पुढच्या विहिरी. हा क्रम कोणत्या विहिरीपासून धरायचा हे तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला पाठ असतं. ते कागदावर सापडतंच असं नाही.

जुन्या विहिरीत पाण्याचं प्रमाणही जास्त असतं. चालू विहिरीत तेल-पाणी एकत्र वर वाहत राहतं. थांबली की पाणी खाली बसतं, नळीत पाण्याचा जड स्तंभ तयार होतो आणि त्याचं वजन खालच्या दाबाला पेलत नाही. विहीर जिवंत असते पण स्वतःहून वाहत नाही. मग कॉइल्ड ट्यूबिंग, म्हणजे रिळावरची लांब बारीक नळी, आणून नायट्रोजन सोडावा लागतो किंवा स्वॅबिंग करून, म्हणजे नळीतलं पाणी वर ओढून, काढावं लागतं. एका विहिरीला दोन-तीन दिवस आणि एक युनिट लागलं, आणि हाताशी युनिटं दहा असली, तर शेकडो विहिरींचा हिशेब तुम्हीच करा. रॉड पंपाच्या विहिरीत वाळू पंपावर बसते आणि पंप अडकतो, मग वर्कओव्हर रिग, म्हणजे विहीर दुरुस्त करणारी रिग, लागते. वाफ सोडून गरम केलेल्या जड तेलाच्या विहिरी थंड पडल्या की ती उष्णता वाया जाते, पुन्हा वाफेपासून सुरुवात.

शिवाय पाइपलाइन. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं जड कच्चं तेल थांबलेल्या नळीत घट्ट होतं. शिस्तीत थांबवायचं असेल तर थांबण्याआधी लाइनमधला माल डिझेलने किंवा हलक्या तेलाने ढकलून बाहेर काढतात. माणसं काम टाकून गेली असतील तर हे झालेलं नसतं, आणि मग लाइन सुरू करायला दाब वाढवावा लागतो. जुन्या गंजक्या लाइनवर दाब वाढवला की ती फुटते. बंदच्या काळात आणि नंतर सरोवरात तेलगळती झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हा दोन्ही बाजूंनी एकमेकांवर घातपाताचे आरोप केले. काही ठिकाणी घातपात असेलही. पण अनुभवी माणसांशिवाय जुनी यंत्रणा उठवली तर घातपाताची गरजच पडत नाही, हे या धंद्यातला कोणीही सांगेल.

रिफायनरीची गोष्ट वेगळी. पाराग्वाना द्वीपकल्पावर आमुआय आणि कार्दोन या दोन रिफायनऱ्या मिळून दिवसाला सुमारे 9,40,000 बॅरलची क्षमता, जगातल्या सगळ्यात मोठ्या संकुलांपैकी एक. शिवाय एल पालितो आणि पुएर्तो ला क्रूझ. टाक्या भरल्या आणि माल उचलला जात नाही असं दिसलं की पहिली पायरी म्हणजे लोड कमी करणं. पण कच्च्या तेलाचा डिस्टिलेशन कॉलम साधारण 50-60 टक्क्यांच्या खाली नीट चालत नाही, कॉलममधल्या ट्रेवरचा द्रव खाली गळायला लागतो आणि पेट्रोल, डिझेल असे वेगळे होणारे भाग (कट) बिघडतात. त्याखाली जायचं तर फीड बंद करून गरम तेल आतल्या आत फिरवत ठेवायचं. हे सगळ्यात शहाणपणाचं थांबणं. उपकरणं गरम राहतात, गॅस्केट सुटत नाहीत आणि एक-दोन दिवसांत पुन्हा उत्पादन घेता येतं. पण त्यासाठी भट्टीला इंधन, वाफ, वीज आणि तीन पाळ्यांची माणसं लागतात.

ती नसतील तर पूर्ण थंड शटडाऊन. तिथून उठवायला क्रम ठरलेला आहे आणि तो मोडता येत नाही: आधी पाणी आणि वीज, मग इन्स्ट्रुमेंट एअर आणि नायट्रोजन, मग बॉयलर आणि वाफ, मग फ्लेअर (जादा वायू जाळणारी चिमणी), आणि त्यानंतर युनिट्स. कॉलममधली हवा वाफेने बाहेर काढायची, साचलेलं पाणी प्रत्येक तळाच्या ड्रेनमधून काढायचं, थंड तेल फिरवायचं, मग भट्टी पेटवून तासाला 30 ते 40 अंशांच्या गतीने तापमान वाढवत 350-360 अंशांपर्यंत न्यायचं. मध्ये 120-150 अंशांच्या टप्प्यावर थांबून उरलेलं पाणी उडू द्यायचं. इथे घाई केली आणि एखाद्या डेड लेगमध्ये, म्हणजे प्रवाह नसलेल्या नळीच्या तुकड्यात, पाणी राहिलं, तर गरम तेल त्याला भेटताच त्याची वाफ होते. वातावरणाच्या दाबाला पाण्याचं आकारमान वाफेत सोळाशेपट वाढतं. कॉलममधल्या ट्रे उखडल्या जातात आणि मग महिनाभराचं काम वाढतं.

जड तेल फोडून पेट्रोल बनवणारं कॅटॅलिटिक क्रॅकर तर याहून नाजूक. त्यातला रिजनरेटर 700 अंशांच्या आसपास, त्यात टनावारी बारीक कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक भुकटी) हवेवर तरंगत फिरत असतो. एकदम थांबलं तर कॅटॅलिस्ट खाली बसतो, रायझरमध्ये (जिथे तेल फुटतं ती उभी नळी) आणि ट्रान्सफर लाइनमध्ये कोक, म्हणजे कोळशासारखा कडक थर, धरतो. सुरू करताना हवा तेलाच्या बाजूला जाऊ नये यासाठी दोन्ही स्लाइड व्हॉल्व्हवरचा दाबफरक सतत राखावा लागतो. सगळं नीट असेल तर आठवडा, कोक फोडावा लागला तर तीन-चार आठवडे. आणि हे पॅनेलवर बसून पहिल्यांदाच करणाऱ्याच्या हातून करवून घ्यायचं नसतं.

तिसरी साखळी वायूची आहे आणि ती बऱ्याच लेखांत सुटते. तेल थांबलं म्हणजे तेलाबरोबरचा वायू थांबला. पूर्व किनाऱ्यावर होसे येथे ओरिनोकोच्या अतिजड तेलाचे अपग्रेडर, म्हणजे ते हलकं करणारे प्लांट आहेत, त्यांना हायड्रोजन लागतो आणि हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो. वायू नाही म्हणून तेही थांबले, आणि त्यात परदेशी कंपन्यांची भागीदारी होती. व्हेनेझुएलातल्याच गयाना भागातल्या पोलाद कारखान्यांचा वायू तुटला. घरगुती सिलिंडर भरणं अडलं आणि ऐन नाताळात लोक लाकडावर स्वयंपाक करू लागले. माझ्या दृष्टीने या बंदमधला हा सगळ्यात दुखरा भाग आहे. ज्या बाईच्या घरी चूल पेटत नाही तिला रॉयल्टी 30 टक्के असो की 16, त्याने काही फरक पडत नाही. तिचा राग कोणावर जाईल हे बंद पुकारणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि ते गृहीतक चुकलं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर असं: जहाजं थांबवून काही दिवसांत टाक्या भरतात आणि दोन-तीन आठवड्यांत देशाचं तेल बसतं. दिवसाला सुमारे 30 लाख बॅरलवरून उत्पादन काही लाखांवर आलं ते असंच. पण उलट्या दिशेने जाताना प्रत्येक कडी वेगळ्या गतीने चालते. हलक्या तेलाची विहीर दिवसांत, रिफायनरी आठवड्यांत, जुन्या विहिरी महिन्यांत येतात, आणि काही येतच नाहीत.

मग सरकार टिकलं कसं? कारण सरकारला 30 लाख बॅरल परत आणायचेच नव्हते. त्याला फक्त पंपावर पेट्रोल, घरात सिलिंडर आणि बाजारात पीठ पोचवत राहायचं होतं. देशातली इंधनाची गरज एकूण उत्पादनाच्या मानाने लहान होती. बंद पुकारणाऱ्यांनी निर्यात मोजली, सरकारने पेट्रोलपंप मोजले.

सरकारने सगळा जोर वितरणावर लावला. डिपोंवर आणि वाहतुकीवर लष्कर आणलं. काराबोबो प्रांतातला यागुआ डिपो मध्य भागाला पेट्रोल पुरवणारा महत्त्वाचा फिलिंग प्लांट, तिथे नॅशनल गार्ड बसवलं. अशा डिपोत काय लागतं ते सांगतो. गँट्रीवर, म्हणजे टँकर भरण्याच्या मांडवावर, गाडी उभी करायच्या प्रत्येक जागेला बॅच कंट्रोलर असतो: ड्रायव्हर कार्ड लावतो, लिटर ठरतात, मीटर मोजतो, सेट व्हॉल्व्ह बंद होतो. संगणक बंद असले किंवा पासवर्ड घेऊन माणसं गेली असतील तरी माल भरता येतो. पंप हाताने सुरू करा, व्हॉल्व्ह हाताने उघडा, टँकरच्या कप्प्यात डिपस्टिक टाकून खुणेपर्यंत भरा, टाकीचा डिप आधी आणि नंतर घेऊन हिशेब जुळवा. काम तिपटीने मंद होतं, ओव्हरफिल आणि स्टॅटिकचा, म्हणजे स्थिर विजेच्या ठिणगीचा, धोका वाढतो, अर्थिंग क्लँप न लावता कोणी भरायला लागला तर आगच लागेल. पण होतं. निवृत्त कामगार आणि बंदमध्ये न गेलेले ऑपरेटर यांनी हे केलं.

आपल्याकडे गँट्रीचं महत्त्व जानेवारी 2024 मध्ये दिसलं. हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध टँकरचालक थांबले, मनमाडजवळच्या पानेवाडीतून गाड्या निघेनात आणि एका दिवसात राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. टाक्या भरलेल्या होत्या. अडलं होतं ते शेवटच्या टप्प्यावर.

संगणकांबद्दल बरंच बोललं जातं. पीडीव्हीएसएची माहिती-तंत्रज्ञानाची कामं इंतेसा नावाची भागीदारी कंपनी पाहत असे, आणि तिच्यातला मोठा वाटा एसएआयसी या अमेरिकन कंपनीचा होता. यंत्रणा मुद्दाम रोखून धरल्या, बाहेरून त्यात शिरकाव केला असा सरकारचा आरोप होता, आणि समोरच्या बाजूने तो नाकारला. मला इथे फरक करावासा वाटतो. बिलं, पगार, जहाजांचं वेळापत्रक आणि साठ्याचा हिशेब हे एक जाळं, आणि प्लांट चालवणारी नियंत्रण यंत्रणा हे दुसरं. दुसऱ्याला लोकल पॅनेल आणि हातचे व्हॉल्व्ह हा पर्याय असतो. पहिलं बंद पडलं तर प्लांट चालतो, पण कोणाला किती माल विकला आणि पैसे किती यायचे हेच कळत नाही. निर्यात सुरू झाल्यावरही पैसा उशिरा येण्याचं हे एक साधं कारण.

देशात पेट्रोल कमी पडलं तेव्हा सरकारने ते बाहेरून आणलं. ब्राझीलहून डिसेंबरअखेर सुमारे 5,20,000 बॅरलचं जहाज आलं. तेल निर्यात करणाऱ्या देशाने पेट्रोल आयात करणं विरोधकांना नामुष्की वाटली, पण त्याने सरकारचे दिवस वाढले. ‘पिलीन लिओन’ 21 डिसेंबरच्या सुमारास दुसऱ्या खलाशांनी ताब्यात घेऊन पुलाखालून हलवलं. त्यातल्या पेट्रोलने देशाची टंचाई मिटली नाही, पण इतर जहाजांच्या कप्तानांना त्यातून बंद मोडतोय हे दिसलं.

लष्कर हे दुसरं कारण. एप्रिलच्या उठावात उघडे पडलेले अधिकारी तोवर बाजूला झाले होते. त्यामुळे ‘देश ठप्प, म्हणून लष्कर हस्तक्षेप करेल’ हा जो शेवटचा टप्पा बंदच्या आखणीत गृहीत होता, तो टप्पा आलाच नाही. तिसरं कारण खासगी दुकानदार. डिसेंबर हा वर्षभराच्या कमाईचा महिना. मॉल, रेस्टॉरंट आणि दुकानं यांनी तो घालवला, आणि जानेवारीत एकेक शटर गुपचूप उघडू लागलं. 3 फेब्रुवारी 2003 पर्यंत बंद तेल क्षेत्राबाहेर संपलाच होता.

बाहेरचा दबाव आला नाही हेही लक्षात घ्या. अमेरिका व्हेनेझुएलाकडून दिवसाला साधारण 15 लाख बॅरल तेल आणि पेट्रोलियमजन्य माल घेत होती. तिथून मेक्सिकोच्या आखातात जहाज पाच-सहा दिवसांत पोचतं, सौदी अरेबियातून सहा आठवडे लागतात. म्हणून अमेरिकन साठे 1975 नंतरच्या नीचांकावर गेले. पण ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने जानेवारी 2003 मध्ये उत्पादनाचा कोटा दिवसाला 15 लाख बॅरलने वाढवला आणि भाव चढले तरी जग थांबलं नाही. इराक युद्धाच्या तोंडावर कोणाला दुसरी डोकेदुखी नको होती.

तुम्ही विचारलं नाही, पण तुलना इराणशी करायला हवी, कारण तिथे तेलाच्या संपाने शहाची, म्हणजे तिथल्या राजाची, सत्ता खरोखर गेली. 1978 च्या शरदात अहवाझ आणि आबादानच्या कामगारांनी संप केला. तिथे विहिरीवरचा आणि प्लांटमधला माणूस स्वतः उतरला होता. वरचा अधिकारी त्याच्या मागून आला. निर्यात तुटली, पण डिसेंबरअखेर आंदोलनाच्या नेतृत्वाने मेहदी बाझरगान यांच्या समितीला तेलक्षेत्रात पाठवून घरगुती गरजेपुरतं उत्पादन सुरू ठेवायला लावलं. शहाची तिजोरी बसली आणि लोकांच्या शेगड्या चालू राहिल्या. 16 जानेवारी 1979 ला शहा देश सोडून गेले. व्हेनेझुएलात नेमकं याच्या उलट झालं: संप वरून खाली आला, आणि निर्यातीबरोबर सिलिंडरही तुटला. तेलाचा संप हे हत्यार चालवायचं तर किमान घरगुती पुरवठा वगळावा लागतो. काराकासमध्ये कोणी ते ठरवलं नाही, किंवा ठरवून नाकारलं. दोन्हींची शिक्षा सामान्य माणसाने भोगली.

आता नुकसान. बंदनंतर 18,000 हून अधिक लोकांना कामावरून काढलं, एकूण मनुष्यबळाच्या साधारण 40 टक्के. सरकारची बाजू मला समजते: ज्यांनी देश बंद पाडला त्यांच्या हाती पुन्हा किल्ल्या कोण देईल? पण त्यात रिझर्व्हायर (जमिनीखालच्या तेलसाठ्याचे) इंजिनिअर, इंतेवेप या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि स्टार्टअप करणारे अनुभवी पॅनेल ऑपरेटरही गेले. त्यांच्यातले कित्येक पुढे कोलंबियात, कॅनडात, आखातात कामाला लागले. 2003 मध्ये देशाचं सकल उत्पादन जवळपास 8 टक्क्यांनी घटलं, फेब्रुवारीत परकीय चलनावर नियंत्रण आलं आणि डॉलर 1,600 बोलिवारला बांधला गेला. ते नियंत्रण वर्षानुवर्षं राहिलं. राजकीयदृष्ट्या चावेझ बळकट झाले, ऑगस्ट 2004 च्या सार्वमतात सुमारे 59 टक्के मतं त्यांच्या बाजूने पडली, आणि तेल कंपनी आता पूर्णपणे सरकारच्या हाती आली.

उत्पादन किती परतलं यावर दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नाहीत. वाचताना दोन गोष्टी तपासत जा. एक, आकड्यात होसेचे अपग्रेडर धरलेत की नाही. दोन, तो फक्त कच्च्या तेलाचा आहे की वायूतून निघणारे द्रव मिळून. या दोन गोष्टींनीच काही लाख बॅरलचा फरक पडतो. 2003 च्या वसंतापर्यंत बराच भाग परत आला हे खरं, आणि दिवसाला सुमारे 4 लाख बॅरलची क्षमता कायमची गेली असा अंदाज सर्रास दिला जातो तो मला विहिरींच्या वयाकडे पाहता पटण्यासारखा वाटतो. पण 2015 नंतरची पडझड सरळ या बंदवर ढकलू नका. मधल्या काळात देखभालीला पैसा मिळाला नाही, कंपनीचा पैसा भलतीकडे वळवला गेला, भाव कोसळले आणि मग अमेरिकेचे निर्बंध आले.

शेवटी आपल्याकडचं. 7 ते 9 जानेवारी 2009 ला सरकारी तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी पगारवाढीसाठी संप केला होता. मुंबईत पंप कोरडे पडले, सीएनजीसाठी रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या, आणि सरकारने कारवाईचा बडगा उचलताच तिसऱ्या दिवशी संप मिटला. मागणी पगाराची होती म्हणून माघारीला वाट होती. सरकार पाडण्याच्या मागणीत मधली जागाच नसते. शिवाय आपण कच्चं तेल आयात करणारा देश आहोत. इथे तेल थांबवलं तर तिजोरीच्या आधी लोकांची वाहनं थांबतात, म्हणजे व्हेनेझुएलात जो दबाव उलटला तो इथे पहिल्याच दिवशी उलटेल. रचनाही विखुरलेली आहे: तीन मोठ्या सरकारी विक्री कंपन्या, खासगी रिफायनऱ्या, दोन्ही किनाऱ्यांवर बंदरं. एकाच जलमार्गात एक जहाज आडवं घालून देश अडेल अशी जागा भारतात नाही. अडू शकतात त्या गँट्री आणि टँकरचालक. त्यामुळे कोणत्या डिपोत किती दिवसांचा साठा आहे आणि तो हाताने भरून बाहेर काढायची तालीम तिथल्या पाळीने शेवटची कधी केली, हे विचारत राहणं जास्त उपयोगाचं.